आडवा वारा आणि शिकाऊ हात

कामगार चळवळीतला मनुष्य व्याख्यानाला उभा राहिला की तो पगार, बोनस किंवा संप यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. विमानासारखा विषय त्याने घेतला तर 'हा याचा प्रांत नव्हे' असे कोणी म्हणेल, आणि ते एका अर्थी खरेही आहे. आम्ही विमान कधी चालवलेले नाही. जे काही जाणतो ते वाचून आणि जाणत्यांना विचारून. परंतु अपघात हा आमचा प्रांत आहे. शिकाऊ मुलाच्या हातून यंत्र बिघडते किंवा यंत्राकडून शिकाऊ मुलाचा हात जातो, तेव्हा त्याचे कारण कसे शोधावे आणि कसे शोधू नये, हे आम्हांस कारखान्यांनी शिकवले. शिकाऊ वैमानिक लहान विमान घेऊन उतरत असतो, बाजूने वारा येतो, आणि विमान धावपट्टी सोडून गवतात जाते, पंख टेकते किंवा उलटते. ह्या एका प्रकारच्या अपघाताचा आज विचार करू.

प्रेस मशीनवर एखाद्या पोराचे बोट गेले की नोंदवहीत 'कामगाराचा निष्काळजीपणा' हे दोन शब्द आधी लिहिले जातात. शाई वाळेपर्यंत चौकशी संपलेली असते. अशा वेळी आम्ही चार प्रश्न विचारतो. ते यंत्र कोणत्या स्वभावाचे होते? कामाची मर्यादा कोणी ठरवली, आणि कोणाकडे पाहून ठरवली? मुलाला काय शिकवले होते? आणि शेवटचा, सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: त्याला यंत्र थांबवता येत होते काय, आणि थांबवले असते तर त्याला बोलणी बसली असती काय? हेच चार प्रश्न आपण धावपट्टीवर नेऊन विचारू.

हा विषय आपल्यापासून दूर नाही. पुणे जिल्ह्यात बारामतीस वैमानिकांचे शिक्षण चालत आले आहे. खानदेशात शिरपूर आणि विदर्भात गोंदियाजवळचे बिरसी हीही त्याची ठिकाणे. 2022 च्या जुलै महिन्यात इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात शिकाऊ विमान कोसळले, विद्यार्थिनी बचावली. 2023 च्या ऑक्टोबरात बारामतीजवळ 19 आणि 22 तारखेस, म्हणजे चार दिवसांत दोन शिकाऊ विमाने पडली, आणि सरकारच्या विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या संस्थेचे शिक्षण काही काळ थांबवले. हे अपघात आडव्या वाऱ्याचे होते असे मात्र कोणी समजू नये. ते येथे एवढ्यासाठीच सांगितले की, ऊस आणि ज्वारीच्या शेतांवरून आपल्याच जिल्ह्यातली मुले-मुली उडावयास शिकत असतात, आणि त्यांचे बरेवाईट हा आपल्या काळजीचा विषय आहे.

आता पहिला प्रश्न, यंत्राच्या स्वभावाचा. आम्ही येडगावचे, तेव्हा दाखला येडगावचाच घेतो. धरणाच्या जलाशयात वाऱ्याच्या दिवशी होडी घालावी, आणि समोरच्या काठावरच्या एखाद्या बाभळीकडे टोक धरून वल्हवीत सुटावे. बाजूचा वारा होडीला सारखा लोटीत असतो. नाक बाभळीकडे असले तरी होडी भलतीकडेच लागते. जाणता माणूस काय करतो? तो होडीचे टोक बाभळीच्या थोडे वाऱ्याकडे धरतो. टोक एकीकडे, जाणे दुसरीकडे. पण होडी नेमकी बाभळीपाशी जाते. विमानाचेही असेच. बाजूने वारा असला तर वैमानिक विमानाचे नाक धावपट्टीच्या रेषेवर न ठेवता वाऱ्याकडे वळते ठेवतो आणि खेकड्यासारखा तिरका चालत रेषेवर राहतो.

हिशेब सोपा आहे. शाळांतून पुष्कळ वापरले गेलेले सेस्ना 152 हे दोन माणसांचे विमान घ्या. त्याचे भरलेले वजन सुमारे 757 किलो, म्हणजे एखाद्या लहान मोटारीएवढे. पंखांचा पसारा मात्र सुमारे 10 मीटरांचा. उतरताना त्याचा वेग 60 नॉटच्या आसपास असतो. नॉट म्हणजे तासाला सुमारे 1.85 किलोमीटर. बाजूचा वारा 12 नॉटचा असेल तर रेषेवर राहण्यासाठी नाक सुमारे साडेअकरा अंश वळवावे लागते. घड्याळाच्या तबकडीवर दोन मिनिटांचे जेवढे अंतर, जवळजवळ तेवढे. आणि नाक वळवलेच नाही तर? 12 नॉटचा वारा दर सेकंदाला 6 मीटर बाजूला लोटतो. धावपट्टीची कड मध्यरेषेपासून 15 मीटरांवर असेल तर अडीच सेकंदांत विमान पट्टीबाहेर. तेवढ्या वेळात आम्ही येथे एक वाक्यही पुरे करीत नाही.

पण होडीचा दाखला काठाशी येताच संपतो. होडी तिरकी लागली तरी बिघडत नाही. विमानाला चाके आहेत, आणि चाक फक्त पुढे फिरते, बाजूला नाही. तिरक्या नाकाने विमान टेकले तर चाकांवर आडवा झटका बसतो, पाय वाकतात, टायर घासतो, विमान भलतीकडे ओढले जाते. म्हणून टेकण्यापूर्वी नाक धावपट्टीच्या रेषेत आणावेच लागते; आणि ते सरळ केले की वारा पुन्हा लोटू लागतो. ह्या पेचावरचा उपाय धरणाच्या भिंतीवरून सायकल नेणाऱ्याला ठाऊक आहे. वारा डावीकडून असेल तर तो अंग डावीकडे झुकवतो, आणि सायकल सरळ चालते. वैमानिकही वाऱ्याकडचा पंख किंचित खाली झुकवतो, पायाने सुकाणू उलट दाबून नाक सरळ धरतो, आणि आधी वाऱ्याकडचे एकच चाक टेकवतो, मग दुसरे, मग नाकाखालचे. हात एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला, असे हे काम आहे. तबल्यावर दोन हातांनी दोन निराळी कामे करताना नवशिक्याची जी गाळण उडते, तीच येथे उडते. फक्त येथे चूक झाली तर ठेका पुन्हा पहिल्यापासून धरता येत नाही.

चाके टेकली की नवशिका सुटकेचा श्वास सोडतो, आणि पुष्कळ अपघात नेमके ह्या श्वासानंतर होतात. कारण जमिनीवर आलेले विमान अजून गाडी झालेले नसते. पंख अर्धेमुर्धे उचलतच असतात, म्हणून चाकांवर पुरते वजन नसते. दुसरीकडे, सुकाणूचे बळ वेगाच्या वर्गाप्रमाणे घटते: 60 नॉटचा वेग 40 वर आला की ते बळ निम्म्याहूनही कमी उरते. वारा तेवढाच, आणि त्याला तोंड देणारे बळ कमी. त्यातच शेपटीवरचा उभा पडदा शिडासारखा वारा धरतो आणि छपरावरच्या वातकुक्कुटाप्रमाणे विमानाचे तोंड वाऱ्याकडे फिरवू लागतो. आमच्या शेजारी खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या आहेत, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या. त्या पत्र्याच्या न करता तारेच्या जाळीच्या केल्या, त्यामुळे वारा बराचसा आरपार जातो. विमानाचे अंग जाळीचे करता येत नाही. ते वाऱ्यासाठीच बनवलेले आहे, आणि वारा त्याला सोडीत नाही.

येथे एक बारीक गोष्ट सांगतो, कारण मोटार चालविणाऱ्या प्रत्येकाला ती पटेल. सेस्नात वैमानिकाच्या हातात अर्धवर्तुळ हँडल असते, मोटारीच्या चाकासारखे दिसणारे. पण जमिनीवर विमान वळते ते पायांनी. हँडल वळवले तर फक्त पंखांच्या कडेच्या झडपा हलतात. डावीकडून वारा आहे, नाक डावीकडे ओढले जात आहे, आणि मुलगा घाबरून मोटारीच्या सवयीने हँडल उजवीकडे वळवतो. त्याने काय होते? डावा पंख, म्हणजे वाऱ्याकडचाच पंख, वर उचलला जातो. त्याखाली वारा शिरतो. आणि उजव्या पंखाचे टोक जमिनीला लागते. करावयाचे होते ते नेमके उलट: हँडल वाऱ्याकडे आणि पाय दुसरीकडे, तेही विमान पुरते थांबेपर्यंत. अशा मुलाला निष्काळजी म्हणणे अन्यायाचे आहे. त्याने काळजी घेतलीच. फक्त ती त्याच्या जुन्या सवयीने घेतली. सवय मोडून नवी लावणे हे शिक्षणाचे काम, आणि त्याला उजळणी लागते.

बहुतेक वेळा ह्या अपघातांत विमानाचे नुकसान होते, माणूस बचावतो. जीव जातो तो प्रसंग पुष्कळदा जमिनीपासून वर घडतो. उतरण्यापूर्वी विमान धावपट्टीला काटकोनात येऊन शेवटचे वळण घेते. त्या वेळी वारा पाठीमागून असला तर विमान अंदाजापेक्षा वेगाने सरकते आणि धावपट्टीची रेषा ओलांडून पुढे जाते. रेषा गाठण्याच्या हट्टाने मुलगा वळण आवळतो, पायाने जास्त ढकलतो, नाक वर ओढतो. वेग कमी, वळण तीव्र. पंखांवरची हवा सुटते आणि विमान गिरकी घेऊन खाली येते. सावरण्यास उंची उरलेली नसते. रेषा चुकली तर सोडून द्यावी आणि पुन्हा फेरा घ्यावा, एवढीच ह्यावरची विद्या.

आता दुसरा प्रश्न: मर्यादा कोणी ठरवली? सेस्ना 152 च्या पुस्तकात बाजूच्या वाऱ्याचा आकडा 12 नॉट असा दिला आहे. तिच्याहून मोठ्या सेस्ना 172 चा 15. पण त्या आकड्यामागचा शब्द नीट वाचावा. तो 'प्रत्यक्ष करून दाखवलेला' वारा आहे. म्हणजे कारखान्याच्या कसलेल्या वैमानिकाने विमानाची चाचणी घेताना एवढ्या वाऱ्यात ते उतरवून दाखवले. ही कायद्याची सीमा नव्हे, आणि शिकाऊ मुलाच्या हाताचे माप तर मुळीच नव्हे. आमच्या कामगार बांधवांना हे ओळखीचे वाटेल. घड्याळ घेऊन आलेला साहेब सर्वांत चलाख कारागिरापाशी उभा राहतो, त्याचे नग मोजतो आणि तोच दर सगळ्या खात्याला लावतो. महिनाभरापूर्वी आलेल्या उमेदवारालाही तोच. अशा वेळी मोजणी खरी असते. लावणी खोटी असते.

आता हा 12 चा आकडा बारामतीच्या धावपट्टीवर ठेवून पाहू. त्या पट्टीची दोन टोके 11 आणि 29 ह्या अंकांनी ओळखतात. ह्या अंकांपुढे शून्य मांडले की दिशा मिळते: 110 अंश आणि 290 अंश, म्हणजे पट्टी साधारण पूर्व-आग्नेय ते पश्चिम-वायव्य अशी पडली आहे. पावसाळ्यात आपल्याकडे वारे पश्चिमेचे आणि नैर्ऋत्येचे. वारा निव्वळ पश्चिमेचा, 15 नॉटचा असला तर पट्टीशी त्याचा कोन 20 अंशांचा होतो आणि बाजूचा भाग जेमतेम 5 नॉट भरतो. तोच वारा, तेवढाच जोर, पण नैर्ऋत्येकडे सरकला तर कोन 65 अंशांचा होतो आणि बाजूचा भाग साडेतेरा नॉटच्या वर जातो. वाऱ्याने जोर वाढवला नाही, फक्त दिशा बदलली, आणि पुस्तकातला आकडा ओलांडला गेला. ज्यांना हिशेब तोंडी करावयाचा असेल त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: 30 अंशांच्या कोनात वाऱ्याचा निम्मा जोर बाजूने लागतो, 45 अंशांत सुमारे सात दशांश, आणि 60 अंशांत जवळजवळ नऊ दशांश. आणि वारा काही सारखा वाहत नाही. तो झोतांनी येतो. मैदानालगतची झाडे आणि विमानांच्या शेडी त्याला मोडतात, त्यामुळे शेवटच्या काही मीटरांत त्याचा रंग पुन्हा बदलतो.

मग पट्टी वाऱ्याच्या दिशेनेच का बांधीत नाहीत, असा प्रश्न रास्त आहे. बांधतातच, पण पट्टी एकच असते आणि वारे अनेक. आरंभीच्या काळात पुष्कळ ठिकाणी विमानतळ म्हणजे मोकळे मैदान असे. वारा जिकडून असेल तिकडे तोंड करून उतरावे, अशी सोय होती. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपालाचे छोटे विमान जुहूला आणले, तेव्हा जुहू हे असेच मातीचे मैदान होते. पावसाळ्यात ते चिखलपाण्यात जाई, म्हणून त्या कंपनीचे सगळे बिऱ्हाड पुण्यास येरवड्याच्या तुरुंगालगतच्या मैदानावर हलत असे. पुढे विमाने जड झाली, डांबर आणि काँक्रीट आले, आणि मैदानाची रेषा झाली. मोठ्या शहरांनी दोन रेषा आखल्या; मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. लहान गावाला दुसरी पट्टी परवडत नाही. म्हणजे सर्वांत कसलेल्या वैमानिकाला दोन दिशा, आणि सर्वांत नवख्याला एक. हा कोणाचा कट नव्हे, पैशाचा हिशेब आहे. पण त्या हिशेबातली तूट शिकाऊ हाताला भरून काढावी लागते, हे विसरू नये.

तिसरा प्रश्न शिक्षणाचा. येथे आमच्या बाजूचे लोकही एक चुकीचा उपाय सुचवतात: वारा असला की शिकवूच नका. दिसावयास हे दयाळूपणाचे आहे. पण जो मुलगा केवळ शांत सकाळी उडाला, त्याला आडवा वारा पहिल्यांदा भेटेल तो एकटा असताना. कारण सकाळी निघालेल्या विमानाला परतताना दुपार होते, आणि दुपारी वारा उठतो. वाऱ्यापासून लपवून वैमानिक तयार होत नाही. त्याला वाऱ्यात न्यावे, पण शेजारी प्रशिक्षक असताना. आधी थोड्या वाऱ्यात, मग अधिक. एकट्याने उडण्याची त्याची मर्यादा पुस्तकातल्या आकड्याच्या पुष्कळ खाली असावी, ती प्रत्येकाच्या हातानुसार वाढवावी, आणि ती कागदावर लिहिलेली असावी. तोंडी मर्यादा ही मर्यादा नव्हे. ती गरजेप्रमाणे ताणली जाते.

आणि आता चौथा प्रश्न, ज्यासाठी आम्ही हा विषय घेतला. त्या मुलाला थांबता येत होते काय? यंत्राच्या दृष्टीने, होय. उतरणे जमत नाही असे वाटले तर इंजिनाला पुरती ताकद द्यावी, नाक बेताने धरावे, खाली सोडलेल्या पंखांच्या झडपा टप्प्याटप्प्याने घ्याव्यात, आणि वर जाऊन पुन्हा फेरा घ्यावा. वैमानिक याला गो-अराउंड म्हणतात. तो लवकर घेतला तर सोपा असतो, दोन उड्या मारून वेग गेल्यावर घेतला तर अवघड. म्हणजे सगळे त्या निर्णयाच्या वेळेवर आहे. वारा आवरत नसेल तर दुसऱ्या विमानतळाकडे जाता येते. आणि सर्वांत सोपे म्हणजे, त्या दिवशी निघायचेच नाही.

पण माणसाच्या दृष्टीने थांबता येते काय? व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी 200 तासांचे उड्डाण लागते. त्यांपैकी 100 तास स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून. प्रत्येक तासाला पैसे पडतात, आणि एकूण खर्च लाखांच्या घरात जातो. कोणी त्यासाठी बँकेचे कर्ज काढलेले असते, कोणी जमीन तारण ठेवलेली असते. पावसाने आठवडे वाया गेलेले असतात; विमाने थोडी, मुले पुष्कळ. घरून रोज विचारणा होते, 'किती तास झाले?' अशा मुलाला सकाळी वाऱ्याची झोळी आडवी फडफडताना दिसते, आणि पाठीमागे पाळीची वाट पाहणारी मुले दिसतात. 'आज नको' म्हणणे म्हणजे पाळी गमावणे, आणि कदाचित भित्रा ठरणे. जेथे प्रशिक्षकाची मिळकतही उड्डाणाच्या तासांवर असेल, तेथे त्याच्याही तोंडून 'आज नको' सहज निघत नाही. कारखान्यात याला आम्ही नगावरचे काम म्हणतो. नगावर काम करणारा प्रेसची जाळी काढून ठेवतो, कारण जाळीने हात हळू चालतो. त्याला जाळी नको असते असे नाही. त्याला दर पुरा करावयाचा असतो.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे. 'नाही' म्हणणाऱ्या शिकाऊ माणसाला त्या 'नाही'ची किंमत पडता कामा नये. वाऱ्यामुळे उड्डाण सोडले तर त्याची पाळी जाऊ नये. फेरा घेऊन परत आलेल्याची कोणी थट्टा करू नये. उलट त्याची नोंद चांगल्या कामात व्हावी. आई-वडिलांनी किती तास झाले हे जसे विचारावे, तसे कितीदा परत फिरलास हेही विचारावे, आणि उत्तर ऐकून शाबास म्हणावे. याला फारसा खर्च नाही. दुसरी धावपट्टी बांधण्यापेक्षा तर खासच कमी.

विमान-जगताने एक गोष्ट मात्र अशी केली आहे की ती आमच्या कारखान्यांनी शिकावी. अपघाताच्या चौकशीचा हेतू पुढचे अपघात टाळणे हा आहे, दोष किंवा जबाबदारी वाटून देणे हा नव्हे, असे त्यांच्या आंतरराष्ट्रीय करारातच लिहिले आहे, आणि आपल्या देशात 2017 साली झालेल्या चौकशीच्या नियमांतही तेच तत्त्व घातले गेले. हाताची चूक झाली असेल तर ती लिहावी. ती लपविण्याने कोणाचे भले होत नाही. पण लेखणी तेथे थांबू नये. त्या हाताला कोणत्या वाऱ्यात, कोणत्या मापाने, किती शिकवून आणि कोणत्या घाईत पाठवले, हेही त्याच कागदावर यावे. वाऱ्याला नोटीस बजावता येत नाही आणि त्याच्याशी करारही होत नाही. मर्यादा, शिक्षण आणि परत फिरण्याची मोकळीक ह्या तीन गोष्टी माणसाच्या हातातल्या आहेत, आणि जे माणसाच्या हातात आहे त्याची मागणी करणे हेच संघटनेचे काम आहे.